हिमाचे माप

सह्याद्रीत उगम पावणाऱ्या नद्यांचे वैभव चार महिन्यांचे असते. मृगापासून हस्तापर्यंत आभाळातून जे पडेल तेवढेच त्यांचे वर्षाचे उत्पन्न. ते अडवून ठेवले तर पुढले आठ महिने सरतात. नाही तर फाल्गुन-चैत्रातच पात्रात वाळू दिसू लागते. म्हणून गोदा-भीमेच्या खोऱ्यातील शेतकऱ्याचे डोळे सदैव आभाळाकडे लागलेले असतात. परंतु पृथ्वीच्या पाठीवर असेही अनेक प्रदेश आहेत, की जेथील शेतकरी पाण्याच्या काळजीने आभाळाकडे न पाहता डोंगराकडे पाहतो. तेथे उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ पडतच नाही. हिवाळ्यात पर्वतांवर जे हिम साचते, ते वसंतात वितळून नद्यांना येते आणि त्या पाण्यावर शेते पिकतात. अशा देशात पर्वत ही पाण्याची कणगीच होय. कणगीत दाणे किती आहेत, हे सुगी संपताच कळले तर वर्षाचा हिशेब बसविता येतो. न कळले, तर एके दिवशी हात तळाला लागतो आणि मग विचार करायला सवड उरत नाही.

ही कणगी मोजावी कशी, या प्रश्नाचे व्यवहारात उतरणारे उत्तर विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील नेवाडा राज्यात मिळाले. ते शोधून काढणारे गृहस्थ स्थापत्यशास्त्र शिकलेले नव्हते, पदार्थविज्ञानही नव्हे. ते लॅटिन भाषेचे प्राध्यापक होते. त्यांचे नाव जेम्स एडवर्ड चर्च.

चर्च यांचा जन्म १८६९ साली मिशिगन राज्यात झाला. तेथील विद्यापीठाची पदवी घेऊन १८९२ साली ते रीनो या गावी नेवाडा विद्यापीठात अध्यापनासाठी आले. १९०१ साली जर्मनीतील म्यूनिक विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. व्हर्जिल आणि होरेस शिकविणारा हा मनुष्य डोंगराच्या ओढीने मात्र पुरता झपाटलेला होता. रीनोच्या नैर्ऋत्येस माउंट रोझ नावाचे सुमारे १०,७८० फूट उंचीचे शिखर आहे. भर हिवाळ्यात त्या शिखरावर कोणी जात नसे. १८९५ साली चर्च गेले, आणि त्यानंतर जातच राहिले. १९०५ साली त्यांनी शिखरावर हवामानाची नोंद करणारी उपकरणे नेऊन बसविली आणि तेथे एक लहानशी वेधशाळा उभी राहिली. हिमवादळातून चढून जायचे, नोंदी घ्यायच्या आणि खाली येऊन पुन्हा वर्गात लॅटिन शिकवायचे, असा त्यांचा क्रम अनेक वर्षे चालू होता.

त्यांच्या हिंडण्याला लोकोपयोगी वळण मिळाले ते एका भांडणामुळे. माउंट रोझच्या नैर्ऋत्येस, नेवाडा आणि कॅलिफोर्निया या दोन राज्यांच्या सीमेवर टाहो नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १९० चौरस मैल आणि समुद्रसपाटीपासून त्याची उंची सव्वासहा हजार फूट. चहूबाजूंच्या पर्वतांवरील हिमाचे पाणी या सरोवरात येते. बाहेर पडण्याची वाट मात्र एकच, ती म्हणजे ट्रकी नदी. ही नदी रीनो गावातून पूर्वेकडे जाते आणि समुद्रास न मिळता वाळवंटातील पिरॅमिड नावाच्या सरोवरात विलीन होते. टाहोच्या मुखाशी बांध घातलेला असल्यामुळे सरोवराचे वरचे सुमारे सहा फूट पाणी माणसाच्या हाती आले होते. दारे लावली की पाणी चढे, उघडली की उतरे.

दारे केव्हा उघडावी आणि केव्हा लावावी, यावरूनच तंटा होता. नदीवर वीज निर्माण करणाऱ्या कंपनीला आणि खालच्या शेतकऱ्यांना सरोवर भरलेले हवे होते, कारण उन्हाळ्याची सारी भिस्त त्या साठ्यावर. काठावर ज्यांची घरे आणि धक्के होते, त्यांना भरलेल्या सरोवराची भीती वाटे, कारण वसंतात हिम वितळून आणखी पाणी आले तर काठ बुडत. धास्तीने पाणी आधीच सोडून द्यावे, आणि त्या वर्षी हिम कमी निघावे, की उन्हाळ्यात शेते करपत. दोन्ही पक्षांचे म्हणणे आपापल्या परीने रास्त होते. वाण होती ती एका आकड्याची. पर्वतांवर अजून किती पाणी शिल्लक आहे, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

हिमाची खोली काठीने मोजता येते. परंतु खोलीवरून पाण्याचा अंदाज बांधणे फसवे असते. नुकत्याच पडलेल्या भुसभुशीत हिमाचा फूटभर थर वितळला तर त्यातून इंचभर पाणी निघते. तेच हिम महिनोन्‌महिने आपल्याच भाराने दबत गेले, की वसंताच्या तोंडाशी फूटभर थरात पाच-साडेपाच इंचांपर्यंत पाणी असू शकते. म्हणजे बारा फूट ताजे हिम आणि अडीच फूट मुरलेले हिम यांत पाणी सारखेच असू शकेल. दाणे आणि भूस यांचा ढीग डोळ्यांना एकसारखाच दिसतो. खरे काय ते तराजू सांगतो. चर्च यांनी हिम तोलायचे ठरविले.

त्यासाठी त्यांनी पोलादाची एक नळी तयार केली. तिचे तुकडे एकमेकांत फिरवून जोडता येत, त्यामुळे हिमाचा थर कितीही खोल असला तरी नळी जमिनीपर्यंत पोहोचे. बाहेरच्या अंगावर खोलीच्या खुणा आणि तळाशी करवतीसारखे दाते असत. नळी गोल फिरवीत खाली दाबायची, माती लागली की वर काढायची आणि आत अडकलेल्या हिमासह काट्यावर तोलून त्यातून नळीचे वजन वजा करायचे, एवढीच कृती. खरी खुबी नळीच्या तोंडाच्या मापात होती. ते तोंड दीड इंचाच्या जवळपास ठेवले, तर एक इंच पाण्याचे वजन त्या रुंदीला एक औंस भरते. काट्याने वीस औंस दाखविले, की त्या जागी वीस इंच पाणी आहे असे समजावे. डोंगरावर बोटे गारठलेली असताना गुणाकार-भागाकार करण्याचे कारणच उरले नाही. या नळीला माउंट रोझचे नाव मिळाले आणि किरकोळ फेरफारांसह ती आजही वापरात आहे.

नळीने एका जागेचे पाणी कळले. शेकडो चौरस मैलांच्या पर्वतांवर अशा किती नळ्या खुपसणार? येथे चर्च यांनी दुसरी, आणि अधिक महत्त्वाची, युक्ती केली. सारे हिम मोजण्याचा हव्यास त्यांनी सोडून दिला. वारा फारसा लागत नाही अशा काही मापनरेषा त्यांनी पक्क्या केल्या आणि दरवर्षी त्याच जागी, त्याच सुमारास हिम तोलले. या रेषांवर यंदा जे पाणी भरले, ते तेथील सरासरीच्या किती टक्के आहे एवढेच ते पाहत. रेषेवर सरासरीच्या सत्तर टक्के हिम असेल, तर नदीलाही उन्हाळ्यात तिच्या सरासरीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी येईल, असा तो सरळ हिशेब होता.

महाराष्ट्रातील श्रोत्यांना ही रीत परकी वाटू नये. सोळा आणे पीक म्हणजे भरघोस पीक असे धरून यंदाचे पीक किती आणे आले, हे ठरविण्याची आणेवारी पिढ्यान्‌पिढ्या येथे चालत आली आहे. शेतातला प्रत्येक दाणा कोणी मोजीत नाही. नमुन्याच्या शेतावरून गावाचा अंदाज बांधतात. चर्च यांनी नदीची आणेवारी केली, आणि तीही पीक हाती येण्याच्या तीन-चार महिने आधी. १९१० नंतर टाहो सरोवर वसंतात किती चढेल, याचे अंदाज ते देऊ लागले. त्या अंदाजांवर दारांची उघडझाप बेतता येऊ लागली. एकमेकांच्या हेतूंवर संशय घेणाऱ्या पक्षांना दोघांनाही मान्य करता येईल असा एक आकडा मिळाला. भांडण मिटले असे नव्हे. त्याला बसायला जागा मिळाली.

याच काळात चर्च यांनी अरण्य आणि हिम यांच्या संबंधाचाही अभ्यास केला. दाट झाडीत हिम फांद्यांवरच अडकते आणि तेथून हवेत विरून जाते. उघड्या माळावरचे हिम वारा आणि ऊन खाऊन टाकतात. जेथे मधून मधून मोकळ्या जागा आहेत आणि भोवती झाडांचा आडोसा आहे, अशा मधाच्या पोळ्यासारख्या रानात हिम सर्वांत जास्त साचते आणि सावकाश वितळते, असे त्यांना दिसून आले. जलसंचयासाठी कोणते रान राखावे, या प्रश्नाला त्यामुळे मोजमापाचा आधार मिळाला.

पद्धतीची खरी परीक्षा अवर्षणाने घेतली. कॅलिफोर्नियाने १९२९ साली राज्यव्यापी हिममापन सुरू केले होते. यूटा राज्यात जॉर्ज क्लाइड हे पाटबंधारेशास्त्राचे प्राध्यापक हेच काम करीत होते. पुढे हेच क्लाइड त्या राज्याचे गव्हर्नर झाले. १९३४ च्या वसंतात त्यांच्या मोजणीने स्पष्ट सांगितले, की डोंगरात पाणी नाही आणि उन्हाळ्यात तीव्र टंचाई येणार. त्या वेळी खाली नद्या अजून वाहत होत्या. दुष्काळ कोणाच्या नजरेस पडलेला नव्हता. तरीही राज्याने हा इशारा मानला. विहिरी खोदणे, कालव्यांची गळती थांबविणे, थोड्या पाण्यावर निभेल एवढेच पीक घेणे, अशा कामांना वेळीच हात घालता आला. अवर्षण टळले नाही. परंतु ते न सांगता आलेल्या पाहुण्यासारखे दारात उभे राहिले नाही, आणि दुष्काळात हा फरक थोडा नसतो. पुढच्याच वर्षी, १९३५ साली, अमेरिकेच्या काँग्रेसने पश्चिमेकडील राज्यांच्या हिममापनासाठी पैसा मंजूर केला आणि एका प्राध्यापकाचा छंद राष्ट्रीय कार्य झाला.

हिम आणि दुष्काळ यांचा संबंध भारतात त्याच्याही आधी शोधला गेला होता. मात्र वेगळ्या वाटेने. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर जो दुष्काळ कोसळला, त्यात पुणे, सोलापूर, सातारा, अहमदनगर हे जिल्हे होरपळले आणि दक्षिण भारतात लक्षावधी माणसे मेली. १८७५ पासून हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे प्रमुख असलेले हेन्री ब्लॅनफर्ड यांनी या अवर्षणाचे मूळ शोधण्याचा प्रयत्न केला. वायव्य हिमालयात हिम जास्त आणि उशिरापर्यंत पडले, तर मैदानांवर कोरडे वारे वाहतात आणि पाऊस ओढ धरतो, असे अनुमान त्यांनी १८८४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. १८८६ पासून हिमालयातील हिमाच्या आधारे पावसाळ्याचे अंदाज देण्यास सुरुवात झाली. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनीही आपल्या गणितात या हिमाला स्थान दिले. ब्लॅनफर्ड यांनी हिमाला विचारले, पाऊस कसा पडेल. चर्च यांनी विचारले, तुझ्या पोटात पाणी किती. पहिला प्रश्न अधिक मोठा होता आणि त्याचे उत्तर तितकेच निसरडे ठरले. ब्लॅनफर्डना दिसलेला संबंध सर्व काळ सारखा टिकत नाही, असे नंतर आढळून आले. दुसरा प्रश्न लहान होता, पण त्याचे उत्तर काट्यावर तोलता येत होते.

या दोन वाटा एकदा जवळ आल्या. १९४७ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, चर्च हिमालयातील हिममापनाच्या कामासाठी भारतात आले होते. १९५९ साली त्यांचे निधन झाले. माउंट रोझच्या एका शिखराला आणि नेवाडा विद्यापीठातील कलाभवनाला त्यांचे नाव दिलेले आहे.

चर्च यांचे काम येथे संपले, तरी त्या मापाचा इतिहास संपला नाही. त्यातला एक भाग ट्रकी नदीच्या शेवटच्या टोकाला घडला. पिरॅमिड सरोवराच्या काठी पायूट जमातीची वस्ती पूर्वापार आहे. सरोवरातील मासे हे त्यांचे जीवन. तेथील एका माशाच्या नावानेच ते स्वतःला ओळखवीत. १९०५ साली डर्बी धरण बांधून ट्रकीचे बरेचसे पाणी शेतीसाठी दुसऱ्या खोऱ्यात वळविण्यात आले. नदीचे पाणी किती येणार, याचा अंदाज वर्षानुवर्षे अधिक अचूक होत गेला, आणि त्याच वर्षांत पिरॅमिड सरोवर खाली खाली जात राहिले. १९६७ पर्यंत ते सुमारे ऐंशी फूट उतरले. शेजारचे विनेमुका सरोवर तर १९४० पूर्वीच साफ कोरडे पडले. १९४४ च्या न्यायालयीन निवाड्यात जमातीला पाणी मिळाले ते शेतीपुरते. सरोवर आणि मासे राखण्यासाठी मिळाले नाही. त्यांच्या हक्कांची दाद पुष्कळ उशिरा लागली आणि १९९० साली अमेरिकेच्या काँग्रेसने तडजोडीचा कायदा केला. माप बिनचूक असले, तरी वाटणीच्या पंगतीत कोणाला पान मांडायचे, हे माप ठरवीत नाही. ते माणसांनाच ठरवावे लागते.

दुसरा भाग खुद्द मापाविषयीचा आहे. आणेवारीचा जुना वाद पीक किती आले एवढ्यापुरता कधीच नव्हता. सोळा आणे कशाला म्हणायचे, हाही त्यात असे. १९१८ च्या खेडा सत्याग्रहात शेतसारा तहकूब करण्याची मागणी आणेवारीच्याच आकड्यावर अडली होती. चर्च यांच्या टक्क्यांचेही तसेच आहे. सत्तर टक्के म्हणजे कशाच्या सत्तर टक्के? मागल्या वर्षांच्या सरासरीच्या. आणि मागली वर्षे पुढल्या वर्षांची साक्ष देतील, हे त्यात गृहीत धरलेले आहे. १९२२ साली कोलोरॅडो नदीचे पाणी सात राज्यांसाठी विभागले गेले, तेव्हा हाती असलेली मोजणी नेमकी सुकाळाच्या वर्षांची होती. १९७६ साली स्टॉक्टन आणि जेकोबी या संशोधकांनी झाडांच्या वर्तुळांवरून गेल्या चार शतकांचा प्रवाह काढला, तेव्हा ती वर्षे किती अपवादात्मक होती हे कळले. कागदावर वाटलेले पाणी नदीत नव्हतेच.

त्यानंतर हवा तापू लागली. २००८ साली मिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात असे प्रतिपादन केले, की जलव्यवस्थेच्या आखणीत भूतकाळाची सरासरी आता पक्का आधार धरता येत नाही. फिलिप मोट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली पश्चिम अमेरिकेतील हिममापनाच्या दीर्घ नोंदी तपासल्या. नव्वद टक्क्यांहून अधिक ठिकाणी हिम घटलेले दिसले आणि १ एप्रिलच्या हिमातील पाणी १९१५ पासून पंधरा ते तीस टक्क्यांनी कमी झाल्याचा निष्कर्ष निघाला. विशेष म्हणजे हे माप ज्या नोंदींवरून निघाले, त्यांचा पाया घालणाऱ्यांत चर्चच अग्रणी होते.

संशोधक आता हिमाच्या दुष्काळाचे दोन प्रकार मानतात. एकात आभाळच कोरडे राहते. दुसऱ्यात पाणी पडते, पण ते हिम न होता पावसाच्या रूपाने पडते आणि हिवाळ्यातच वाहून जाते. कणगी भरतच नाही. २०१५ साली कॅलिफोर्नियात दोन्ही एकत्र आले. १ एप्रिल रोजी सिएरा नेवाडा पर्वतातील हिम सरासरीच्या अवघे पाच टक्के होते. टाहोच्या दक्षिणेस फिलिप्स येथे १९४१ पासून मोजणी होत आली आहे. त्या दिवशी तेथे गव्हर्नर जेरी ब्राउन कोरड्या गवतावर उभे राहिले आणि शहरांच्या पाणीवापरात पंचवीस टक्के कपात करण्याचा हुकूम त्यांनी जाहीर केला. २०२१ साली निराळाच प्रकार घडला. हिम कमी असले तरी अगदीच नगण्य नव्हते. पण त्यावरून जेवढे पाणी येईल असे मानले होते, त्यातले पुष्कळसे नद्यांपर्यंत पोहोचलेच नाही. आधीच्या कोरड्या वर्षाने तहानलेली जमीन आणि उबदार वसंतातील हवा यांनी ते वाटेतच गिळले. आणि २०२३ साली त्याच पर्वतावर सरासरीच्या दुपटीहून अधिक हिम साचले.

या देशांत हिमाची सरासरी दर दहा वर्षांनी नव्याने काढतात. सध्या १९९१ ते २०२० ही तीस वर्षे धरली जातात. त्यामुळे जेथे हिम घटत चालले आहे, तेथे शंभर टक्क्यांचा अर्थही घटत जातो. आजोबांच्या काळी जे बारा आणे पीक म्हटले गेले असते, ते नातवाच्या वहीत सोळा आणे म्हणून लिहिले जाते. आकडा खोटा नसतो, पण शेतकऱ्याला त्यातून खोटा दिलासा मिळू शकतो. म्हणून टक्क्यांबरोबर प्रत्यक्ष इंचही सांगावेत, हिमाबरोबर जमिनीतील ओलही पाहावी, ही दक्षता आता अपरिहार्य झाली आहे.

हिमालयात हा प्रश्न अधिकच बिकट आहे. सतलजच्या पाण्याचा मोठा वाटा हिम आणि हिमनद्या देतात, आणि भाक्रा धरणाखालची शेती त्याच पाण्यावर उभी आहे. १९८० नंतर राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेने उपग्रहांनी टिपलेल्या चित्रांवरून एप्रिल ते जून या काळात भाक्राला किती हिमजल येईल, याचे अंदाज देण्यास प्रारंभ केला. आकाशातून हिम किती दूरवर पसरले आहे हे उत्तम दिसते. त्यात पाणी किती आहे, हे तेवढ्यावरून कळत नाही. उंच, दुर्गम दऱ्यांत वर्षानुवर्षे एकाच जागी घेतलेल्या नोंदी हिमालयात फार थोड्या आहेत. यंत्रे आता पुष्कळ आहेत, आणि माउंट रोझवरही हिमाचे वजन आपोआप नोंदविणारी साधने बसली आहेत. तरीही सिएरा नेवाडात हिवाळ्यात दर महिन्याला माणसे नळी आणि काटा घेऊन ठरलेल्या रेषांवर जातात. मागल्या वर्षी ज्या जागी नळी खुपसली होती, तेथेच ती पुन्हा खुपसतात आणि वजन वहीत लिहून ठेवतात.